नाक्यावरचा पहारा आणि भिंतीची डागडुजी

पेठ वडगावचा सोमवारचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगावयास नको की, त्या दिवशी गावातील पतसंस्था आणि अडत दुकाने यांच्या गल्ल्यासमोर पाय ठेवण्यास जागा नसते, आणि म्हणूनच या संस्थांच्या कोपऱ्यात अहोरात्र चालणारा सर्व्हर घटकाभर बंद करण्याची कल्पनाही तेथील कर्मचाऱ्यांस सहन होत नाही. गेल्या पावसाळ्यात अशाच एका पतसंस्थेचे यंत्र तपासण्याचा योग आम्हांस आला. यंत्रावर उबंटू २२.०४ होते, सुरक्षा-पॅच आपोआप उतरवून घेण्याची तजवीज होती, आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलचे नियम इतके नेटके होते की सर्वांस मज्जाव व केवळ दोन पोर्टांस परवाना, असा तो चोख बंदोबस्त पाहून आम्ही संतोष पावलो. पुढे ओसरीवर येऊन स्वतःच्या मोबाईलच्या जोडणीवरून त्याच यंत्राच्या सार्वजनिक पत्त्यावर पोर्ट ३३०६ ठोठावले, तेव्हा आतून मायएसक्यूएलने तत्काळ ओ दिली.

कारण शोधण्यास फार वेळ लागला नाही. अहवाल काढण्याचे एक सॉफ्टवेअर पुरवठादाराने डॉकरमध्ये बसविले होते आणि त्याच्या डेटाबेसचे पोर्ट सर्व पत्त्यांवर खुले केले होते. असे पोर्ट खुले करताना डॉकर आयपीटेबल्सच्या नॅट कोष्टकात स्वतःचे नियम घालते. येणारे पॅकेट तेथेच पत्ता बदलून फॉरवर्ड साखळीकडे वळते, आणि ज्या इनपुट साखळीवर यूएफडब्ल्यूचे परवाने मांडलेले असतात तिच्याशी त्याची गाठच पडत नाही. वेशीवर चौकीदार जागा असावा आणि माल मागच्या बोळातून आत यावा, तसा हा प्रकार. पोर्ट १२७.०.०.१ या पत्त्यापुरते बांधून ठेवणे, किंवा डॉकर-यूजर साखळीत स्वतंत्र मनाई लिहिणे, एवढ्याने तो बोळ बंद होतो. परंतु फायरवॉलचे कोष्टक वाचून स्वस्थ बसणाऱ्यास हे कधीच कळणार नाही, कारण नियम काय म्हणतात आणि यंत्र काय करते यांची रुजुवात बाहेर उभे राहूनच घ्यावी लागते.

दुसरा दोष अधिक गंभीर होता. पॅच वेळच्या वेळी उतरले होते, नवे कर्नल डिस्कवर येऊन बसले होते, ‘रिबूट आवश्यक’ अशी नोंद करणारी फाईलही आपल्या जागी होती. चालू मात्र होते ते चारशे दिवसांपूर्वीचे कर्नल. लायब्ररीचेही तसेच असते: डिस्कवरची प्रत बदलली तरी जी सेवा पुन्हा सुरू झालेली नाही ती स्मृतीतील जुनीच सदोष प्रत वापरीत राहते. हे आम्ही दाखविले तेव्हा तेथील वयस्क वसुली अधिकारी म्हणाले, “साहेब, सोमवारी बाजार, महिनाअखेरीला वसुली, मार्चात ऑडिट. बंद करायचं तरी कधी, ते तुम्हीच सांगा.” हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी त्यांची नसून आपणा व्यावसायिकांची आहे.

मुक्त प्रणालीत दुरुस्ती भर चौकात होते. तिचा लाभ असा की, दोष कोणास दडविता येत नाही. पण ज्या क्षणी दुरुस्ती प्रसिद्ध होते त्याच क्षणी भगदाड कोठे आहे हे सज्जनांप्रमाणे दुर्जनांसही कळते, आणि तेथून पुढे मुदत मोजली जाऊ लागते. अपाचे स्ट्रट्समधील दोषाची दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी उपलब्ध झाली होती. इक्विफॅक्स या अमेरिकन पतमापन कंपनीत त्याच दोषातून चोर शिरले ते मे महिन्याच्या मध्यास, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. आपल्याकडील धडा याहून जवळचा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. त्या हल्ल्यात एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेलाच बगल दिली गेली होती, आणि बनावट कार्डांवर जे पैसे काढले गेले त्यांत आपल्या कोल्हापुरातील एटीएमचाही समावेश होता. तो प्रकार एखाद्या राहून गेलेल्या पॅचमुळे घडला असे आमचे म्हणणे नाही. सहकारी संस्थेचे यंत्र लहान म्हणून कोणाच्या नजरेस येत नाही, ही समजूत मात्र त्या दिवशी संपावयास हवी होती.

पॅच निघण्यापूर्वीच्या काळात उपयोगी पडतो तो नाकाच. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकोचन-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दडविलेले चोरद्वार उघडकीस आले, तेही आन्द्रेस फ्रॉइन्ड यांस एसएसएचच्या प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले म्हणून. ज्या यंत्राचे एसएसएच ठरावीक चार पत्त्यांपुरतेच खुले होते, त्याच्या दारापर्यंत त्या चोरास येताच आले नसते. म्हणून पहारा आणि डागडुजी ही दोन खाती करून दोघांकडे सोपविण्याची जी रीत पडत आहे ती आम्हांस मान्य नाही. ज्याच्या हाती परवान्यांचे कोष्टक, त्याच्याच हाती दुरुस्तीचे दप्तर असावे, आणि प्रत्येक परवान्यापुढे तो कोणासाठी, कोणत्या कारणाने व किती मुदतीचा याची टीप असावी.

या मुलखाला संगणक नवा नाही. १९९८ साली वारणा परिसरातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला, तेव्हा महाराष्ट्रातील कित्येक शहरांनीही तसे धाडस केले नव्हते. यंत्रे त्या वेळेपासून येत राहिली. त्यांना विश्रांती देण्याचा दिवस कोणी ठरविला नाही. वडगावच्या त्या पतसंस्थेने आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात ते आठ यंत्र बंद ठेवण्याचा ठराव संचालक मंडळात मंजूर केला असून, त्याची सूचना गल्ल्याजवळच्या फळ्यावर लावली आहे. वाचकांनी आपापल्या ताब्यातील यंत्रांचे पोर्ट येत्या रविवारी बाहेरच्या जोडणीवरून तपासावेत, चालू कर्नल व बसविलेले कर्नल ताडून पाहावे, आणि तफावत आढळल्यास ती संस्थेस लेखी कळवून पोच घ्यावी, ही विनंती.