धाकट्याचा शब्द आणि थोरल्यांचे वतन

आमच्या भिवंडी शहराची वस्ती २०११ च्या खानेसुमारीत सात लाखांवर भरली. हिंदी महासागरातील मॉरिशस या सबंध देशाची वस्ती सुमारे साडेबारा लाख. म्हणजे दोन भिवंडी एका पारड्यात घातल्या तर मॉरिशसचे पारडे वरच राहील. या एवढ्याशा देशाने इंग्लंडसारख्या सत्तेला जगाच्या चावडीवर उभे केले आणि "आमची बेटे आम्हांस द्या" हे आपले म्हणणे अखेर तिच्याच सहीने कागदावर आणविले. शेतकरी व कारागीर बंधूंनी ही हकीकत नीट समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते. मॉरिशस आपणांस परके नाही. १८३४ नंतर तेथील उसाच्या मळ्यांवर जे लाखो हिंदी मजूर करारावर गेले, त्यांत रत्नागिरीकडचे व कोकणपट्टीचे लोकही होते. त्यांचे वंशज आजही आपणांस मराठी म्हणवितात, आणि गणेश चतुर्थीला तेथे सरकारी सुट्टी असते.

हकीकत अशी. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याची बोलणी चालू असताना, १९६५ च्या नोव्हेंबरात, इंग्रज सरकारने त्या वसाहतीतून चागोस नावाची बेटे वेगळी काढली व त्याबद्दल तीस लाख पौंड देऊ केले. ज्याला घर सोडवून घ्यावयाचे आहे त्याने परसाचा तुकडा लिहून द्यावा, तशातला हा सौदा होता. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले, पण चागोस इंग्रजांकडेच राहिले. त्यांतील दिएगो गार्सिया हे सर्वांत मोठे बेट अमेरिकेच्या लष्करी तळास दिले गेले. तेथे नारळाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबणारी दीड-दोन हजार माणसे होती. १९७३ पर्यंत त्या सर्वांना जहाजांत घालून मॉरिशस व सेशेल्स येथे नेऊन सोडण्यात आले. आणि हे करताना कागद कसा रंगविला? तर ही माणसे बेटाची रहिवासी नव्हेत, बाहेरून आलेले कंत्राटी मजूर आहेत, असा! ज्यांच्या आज्या-पणज्या त्या वाळूत पुरल्या होत्या, ते एका लेखणीच्या फटकाऱ्याने उपरे ठरले. सात-बारावर भलत्याचे नाव चढले म्हणजे कुळाची काय दशा होते, हे ज्याने पाहिले आहे त्यास याहून अधिक सांगणे नको.

मॉरिशसपाशी लढाऊ जहाजे नव्हती. त्याने कायद्याचा व मतांचा रस्ता धरला. २०१५ मध्ये समुद्रविषयक कायद्याच्या लवादाने, इंग्लंडने चागोसभोवती परस्पर जाहीर केलेले राखीव समुद्रक्षेत्र बेकायदा ठरविले. पुढे २२ जून २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत प्रश्न आला की, या प्रकरणी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवावे काय? ९४ मते होकाराची पडली, १५ नकाराची, व ६५ देश तटस्थ राहिले. हिंदुस्थानने मॉरिशसच्या बाजूने मत दिले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने सांगितले की, मॉरिशसचे तुकडे करूनच वसाहत सोडली ही गोष्ट कायदेशीर झाली नाही, व इंग्लंडने शक्य तितक्या लवकर तेथील कारभार आटोपावा. तेरा न्यायाधीश एका बाजूस, एक दुसऱ्या बाजूस. त्याच वर्षी २२ मे रोजी आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी त्यावर शिक्का मारला.

कोणी म्हणेल, न्यायालयाचे ते मत म्हणजे नुसता सल्ला. त्यात हुकूमनाम्याचे बळ कोठे? गोष्ट खरी आहे. परंतु भर पंचांत एकदा बोलले गेलेले खोडता येत नाही. २०२१ मध्ये जागतिक टपाल संघाने चागोसवरील इंग्रजी वसाहतीची तिकिटे मानण्याचे बंद केले. तिकीट ते केवढे, पण त्यावर मालकाचे नाव असते! अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडने तत्त्वतः मान्यता दिली व २२ मे २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. त्याप्रमाणे बेटांवरील सार्वभौमत्व मॉरिशसचे, आणि दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने इंग्लंडकडे. या करारावरून पुढे इंग्लंडात व अमेरिकेतही बरेच काहूर उठले. तरी साठ वर्षांपूर्वी "तुमचे काही नाही" म्हणणाऱ्याने "तुमचे आहे, भाड्याने द्या" अशी सही केली, हे काही लहान नव्हे.

मॉरिशस एकटे नाही. वानुआतू हा पॅसिफिक महासागरातील देश, वस्ती सुमारे तीन लाख, म्हणजे आमच्या भिवंडीची निम्मीही नाही. हवामान बिघडविणाऱ्या देशांवर कायद्याने कोणती जबाबदारी येते, हे हेगच्या न्यायालयास विचारावे, ही कल्पना त्या भागातील विद्यापीठाच्या २७ कायदा-विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये काढली. वानुआतूने ती उचलली, २०२३ च्या मार्चात आमसभेने ती मान्य केली, आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने जबाबदारी आहे असे सांगितले. आपल्या पोरांना नुसती बाराखडी घटवून आपले काम झाले असे मानणाऱ्या आम्हां मास्तरांनी हे ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. आमसभेत १९३ देशांना प्रत्येकी एक मत आहे. तेथे धाकट्याचा शब्द चालतो. पण खरा अधिकार आहे सुरक्षा समितीत. तेथे पंधरा जागा. त्यांतील पाच देशांच्या जागा कायमच्या, व त्या पाचांपैकी कोणीही एकाने "नको" म्हटले की चौदांचे म्हणणे फुकट! १९४५ साली सभासद ५१ होते. तेव्हापासून फरक एवढाच झाला की, १९६५ मध्ये अकराच्या पंधरा जागा झाल्या. पाचांचे आसन तसेच राहिले. याला आमच्या भाषेत शब्द आहे: वतन. पणजोबाने लढाई मारली म्हणून पणतवाने चावडी सांभाळावी. आपल्याकडे कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. जगाच्या चावडीतली अजून शाबूत आहेत. नाणेनिधीतही तीच तऱ्हा. मोठ्या निर्णयांस शेकडा ८५ मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे शेकडा १५ हून अधिक आहेत. मग कुलपाची किल्ली कोणाच्या कनवटीला, हे सांगावयास नको.

आमचे सरकारही कायमची जागा मागते. लोकसंख्या पाहता हिंदुस्थानचे वजन अधिक असावे, हे आम्हांसही पटते. दहा-अकरा हजार वस्तीच्या तुवालूचे व आपले मत सर्वत्र सारखेच मोजावे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु वतनात वाटा मिळविणे निराळे व वतनदारी मोडणे निराळे. ज्याला वाटा मिळतो त्याला वतन गोड लागू लागते. म्हणून आमचे मत असे की, मोठ्या देशांच्या जागा वाढवाव्यात, मुदतीही लांब ठेवाव्यात, पण प्रत्येकाने पुनःपुन्हा मते मागून निवडून यावे. नकाराधिकारास वेसण घालण्याचे काम तर लिख्टेनश्टाइन या सुमारे चाळीस हजार वस्तीच्या देशाने सुरूही केले आहे. त्याच्या पुढाकाराने २६ एप्रिल २०२२ रोजी आमसभेने ठरविले की, कोणी नकाराधिकार वापरला की दहा कामकाजी दिवसांत सभा भरवावी व त्यावर उघड चर्चा करावी. नाही म्हणणाऱ्यास आता चारचौघांत तोंड दाखवावे लागते.

"यात आमचा काय संबंध?" असे मागवाला विचारील. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, माली व चाड या चार गरीब आफ्रिकी देशांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली की, श्रीमंत देश आपल्या कापूसवाल्यांना पैसे चारतात, त्यामुळे जगात कापसाचा भाव पडतो. जी झळ त्यांना, तीच वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला. सूत स्वस्त झाले म्हणून मागावर क्षणभर बरे वाटेल. पण शेतकरी बुडाल्यावर कापड घेणार कोण?

शेवटी एक कडू गोष्ट. चागोसच्या सौद्यात देश बोलले. पण ज्यांना हाकलले ते? ऑलिव्हिए बॅन्कूल या विजेचे काम करणाऱ्या कारागिराने २००० साली लंडनच्या न्यायालयात खटला जिंकला होता. २००८ मध्ये मात्र वरिष्ठ न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी बेटवासीयांच्या विरुद्ध निकाल दिला. २०२५ च्या करारासंबंधी कित्येक बेटवासीयांची तक्रार आहे की, आम्हांला विचारलेच नाही. सहीच्या दिवशी दोन बायांनी न्यायालयातून काही तास ती सही रोखूनही धरली. करारात इतर बेटांवर पुन्हा वस्ती करण्यास मोकळीक आहे, पण दिएगो गार्सियावर नाही. मॉरिशसने जो न्याय इंग्लंडकडे मागितला, तोच त्याने या माणसांना दिला पाहिजे. थोरल्याशी भांडून मिळविलेला शब्द घरातल्या धाकट्यापर्यंत पोहोचला नाही, तर चावडी बदलली इतकेच म्हणावे लागेल.

म्हणून वाचकहो, जगाची पंचायत सुधारेल तेव्हा सुधारेल. आपली ग्रामसभा तर हातची आहे. पुढल्या सभेला जा. तुमच्या नावापुढे काय लिहिले ते मोठ्याने वाचावयास लावा. चुकीचे असेल तर तुमचा विरोध त्याच पानावर नोंदवून घ्या, आणि मगच सही करा. चागोसच्या माणसांची माती प्रथम कागदावर गेली, जहाज मागाहून आले.

— एक खेड्यातला शिक्षक, तालुका भिवंडी