कंसातले मेघे

नकाशा हा तंत्रज्ञांचा प्रांत आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे काही कारण नाही, असे आपल्या मराठी विभागांत जवळजवळ गृहीतच धरलेले असते. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जिला सगळे जीआयएस म्हणतात, तिची कार्यशाळा महाविद्यालयात भरली की भूगोलाचे विद्यार्थी जातात, संगणकाचे जातात. मराठीचे विद्यार्थी मात्र त्याच वेळी शेजारच्या वर्गात प्रादेशिक कादंबरीतला ‘प्रदेश’ लिहून घेत असतात. हा प्रदेश कुठून कुठपर्यंत, त्याची शीव कोणती, त्यातल्या गावांची नावे आज कोण लिहितो आणि कशी लिहितो, हे प्रश्न त्या वर्गात कुणी विचारत नाही. हे गृहीत मला चुकीचे तर वाटतेच, पण त्याहून अधिक ते आपल्याच विषयाच्या मुळावर येणारे वाटते.

उदाहरण वर्ध्याचेच घेऊ. वर्धा शहराला लागून सावंगी (मेघे) आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयामुळे आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयामुळे हे नाव विदर्भाबाहेरही पोहोचले आहे. आसपास सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे) अशीही गावे आहेत. बाहेरच्या माणसाला हा कंस जादा वाटतो. विदर्भातल्या माणसाला तो वाटत नाही, कारण सावंग्या, पिपऱ्या, तळेगावे आणि सिंद्या या मुलखात उदंड आहेत आणि कुठली सावंगी हे कंसावाचून कळत नाही. कंसातला शब्द कधी घराण्याचा असतो, कधी एखाद्या जुन्या पुरुषाचा, कधी चक्क आगगाडीचा. याच जिल्ह्यात सिंदी (मेघे) आहे आणि सिंदी (रेल्वे)ही आहे. तळेगाव (श्यामजीपंत) आहे आणि तळेगाव (टालाटुले)ही आहे. कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यात, तर कारंजा (लाड) वाशीम जिल्ह्यात. म्हणजे कंस हा नावाचा अर्धा अर्थ आहे.

आता नकाशा करणाऱ्याच्या बाजूने पाहा. पडद्यावर जागा थोडी, नावे पुष्कळ. कात्री पहिल्यांदा लागते ती कंसाला. ‘सावंगी’ एवढेच उरते. नकाशा सुबक दिसतो आणि एका जिल्ह्यात दोन सिंद्या उगवतात. रुग्णवाहिका बोलावणारा माणूस फोनवर ‘सावंगी’ म्हणतो तेव्हा पलीकडच्या माणसासमोरच्या पडद्यावर कोणती सावंगी उघडते, हा काही भाषाशास्त्राच्या परिसंवादातला प्रश्न नव्हे.

यावर तंत्रज्ञाचे ठरलेले उत्तर असते: नाव दुय्यम आहे, प्रत्येक गावाला सांकेतांक असतो. खरे आहे. २०११च्या जनगणनेने गावांना सहा अंकी सांकेतांक दिले आणि दोन कोष्टके जोडताना नावापेक्षा तो अंकच विश्वासाचा. पण अंक यंत्राला ठाऊक असतो, फोन करणाऱ्याला नसतो. आणि गंमत अशी, की नावाच्या घोळावर उपाय काढण्याची वेळ याच जिल्ह्यात एकदा आलेली आहे. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. त्यांची टपाले बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. तेथे कंस पुरेसा ठरला नाही, अख्खे नाव बदलावे लागले. टपालखात्याला जे कळत होते ते आजच्या नकाशाकारांना पुन्हा समजावून सांगावे लागते.

जीआयएस म्हणजे मुळात काय, हे आपल्या भाषेत सांगायचे तर फार अवघड नाही. एकीकडे आकृती असते: बिंदू, रेषा किंवा बंदिस्त क्षेत्र. दुसरीकडे कोष्टक असते, त्यात त्या आकृतीविषयीची माहिती: नाव, लोकसंख्या, विहिरींची संख्या. या दोहोंची गाठ बांधली, की एकावर एक थर चढवता येतात. नद्यांचा थर, रस्त्यांचा थर, दवाखान्यांचा थर. कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६०च्या दशकात ही कल्पना संगणकावर उतरवली, असे पाठ्यपुस्तके सांगतात आणि ते योग्यच आहे. परंतु स्थळ आणि वृत्तांत यांची अशी गाठ बांधण्याची वृत्ती मराठीला परकी नाही. महानुभावांची स्थानपोथी काढून बघा. चक्रधरांची कोणती लीळा कोणत्या गावी, गावाच्या कोणत्या दिशेला, देवळाचे दार कुठल्या बाजूस, हे सारे तिने नोंदवून ठेवले. लीळाचरित्र हे वृत्तांताचे भांडार, स्थानपोथी ही त्याची स्थळसूची. आजच्या भाषेत दोन कोष्टके, आणि स्थान हा त्यांना जोडणारा रकाना. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकाने ती संपादून आपल्या हाती दिली. आपण तिच्यातली जुनी रूपे परीक्षेला विचारतो आणि थांबतो.

या तंत्राच्या पोटात भाषेविषयी किती गृहीते दडलेली आहेत, हे एकाच तपशिलावरून दिसेल. नकाशांच्या देवाणघेवाणीत अजूनही सर्रास वापरली जाणारी शेपफाइल ही रचना १९९०च्या दशकातली. तिच्या कोष्टकात रकान्याच्या शीर्षकाला दहा बाइटांपलीकडे जागा नाही. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, मग ते अक्षर असो, काना असो वा अनुस्वार. म्हणजे शीर्षकात तीन चिन्हे मावतात. ‘गाव’ मावते, ‘गावाचे’ म्हटले की मावत नाही. (आपली षष्ठी यंत्राला झेपत नाही, असे म्हणायला हरकत नसावी.) मग शीर्षक रोमनमध्ये जाते, त्यापाठोपाठ सवयीने नावेही जातात. सावंगी लिहिताना कुणी ‘डब्ल्यू’ घालतो, कुणी ‘व्ही’. ऱ्हस्व-दीर्घ तर रोमनमध्ये हरवतेच. पुढे कुणाला मराठी नकाशा हवा झाला, की यंत्र तेच रोमन उलटवून ‘सवंगी’ किंवा ‘सावांगी’ करून देते. ज्या आज्ञावलीला देवनागरीची जोडणी येत नाही तिच्यात वर्ध्याचा रफार निखळून पडतो, ते वेगळेच. यावर उपाय नाहीत असे नव्हे. जिओपॅकेजसारख्या नव्या रचनेत ही अडचण उरलेली नाही आणि क्यूजीआयएस हे फुकट मिळणारे साधन देवनागरी नीट दाखवते. उणीव आहे ती आग्रह धरणाऱ्याची.

दुसरा मुद्दा नकाशाच्या प्रामाणिकपणाचा. गोल पृथ्वी सपाट करताना काहीतरी वाकतेच, हे शाळेत शिकवतात आणि विसरतात. फोनवरचे बहुतेक नकाशे मर्केटरच्या १५६९ सालच्या कल्पनेच्या नव्या अवतारावर बेतलेले आहेत. त्या सपाट पृष्ठावर थेट क्षेत्रफळ मोजले, तर वर्ध्याच्या अक्षांशावर ते सुमारे १४ टक्क्यांनी फुगते. पाच एकरांचे शेत पाऊण एकराच्या आसपास वाढलेले दिसते. मोजणीसाठी निराळे प्रक्षेपण घ्यावे लागते, आणि तिथेही ७८ रेखांशाची रेघ विदर्भातून जात असल्यामुळे अमरावती शहर ४३व्या पट्ट्यात पडते आणि वर्धा ४४व्या. हे न पाहता कुणी शेताचे क्षेत्र काढून मोबदल्याची गोष्ट करू लागला, तर त्या आकड्याला काय म्हणायचे? याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्बटन वारला. १८०२ साली मद्रासेत सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी तो उत्तरेकडे नेत होता. साम्राज्याची मोजणी ती, तिच्याविषयी गहिवर आणण्याचे कारण नाही. पण चूक किती राहिली हे लिहून ठेवण्याची तिची शिस्त आजच्या झटपट नकाशांत शोधावी लागते.

आणि रंग. साहित्याच्या माणसाने सर्वांत आधी बोलावे ते येथे, कारण नकाशातले रंग ही विशेषणे आहेत. २००६ साली केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची घोषणा केली. वर्धा आणि यवतमाळ दोन्ही त्यांत होते. शेतकरी आत्महत्यांचे जिल्हावार नकाशे तेव्हापासून सतत छापले जातात. त्यांत नुसती संख्या रंगवली, तर यवतमाळ गडद आणि वर्धा फिके दिसण्याकडे कल राहणारच, कारण २०११च्या जनगणनेत यवतमाळची लोकसंख्या २७,७२,३४८ आणि वर्ध्याची १३,००,७७४ होती. दुपटीहून मोठ्या जिल्ह्याला दुपटीने गडद रंगवणे ही माहिती नव्हे. प्रमाण काढावे लागते. शेतकरी कुटुंबांमागे किती, हे विचारावे लागते. वर्गांच्या सीमा कुठे पाडल्या हे सांगावे लागते. एक सीमा थोडी सरकवली, की एखादा जिल्हा ‘गंभीर’मधून ‘मध्यम’मध्ये जातो. कथेतल्या निवेदकाची विश्वासार्हता तासन्‌तास तपासणारे आपण या निवेदकासमोर मुकाट का बसतो?

जे. बी. हार्ली यांनी १९८९ मध्ये देरिदा आणि फुको यांच्या आधाराने नकाशाचे विखंडन करून दाखवले, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक आहे. चर्चासत्रांत त्यांचे नाव ऐकूही येते. नाव घेणाऱ्यांनी एकदा तरी क्यूजीआयएस उघडून आपल्या गावाचा थर केला आहे का, असे विचारले की मात्र शांतता पसरते. हत्याराला हात न लावता हत्यारावर टीका करण्याची ही सवय तंत्रज्ञांना सोयीचीच पडते. फेब्रुवारी २०२१ पासून भारतात नकाशांच्या माहितीवरची पूर्वपरवानगीची बंधने बरीचशी सैल झाली आहेत, ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून सर्वांना खुला आहे आणि त्यात मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे. तो रकाना भरायला भूगोलाची पदवी लागत नाही. गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागते, की या नाल्याला, या पांदणीला, या रिठाला तुम्ही काय म्हणता. दोघांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहावी लागतात. उच्चार ऐकून अनुस्वार कुठे द्यायचा ते ठरवावे लागते. हे काम बोलीचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याइतके नीट दुसरे कोण करणार?

एम.ए.च्या बोलीभाषा अभ्यासाला क्षेत्रकार्य असतेच. त्यात शब्दसूचीबरोबर एका गावाचा नकाशा मागवावा, शीर्षके देवनागरीत, प्रमाण आणि प्रक्षेपण खाली लिहिलेले. सुरुवात सावंगीपासून करायला हरकत नाही. मात्र कंस ठेवून.