गच्चीवरचा टॉवर, खालचा जनरेटर

परवा रविवारी आमच्या सोसायटीची एजीएम झाली. मुलुंड पूर्वेतली जुनी बिल्डिंग, गच्चीवर मोबाईलचा टॉवर आणि मागच्या कंपाउंडमध्ये त्याचा डिझेल जनरेटर. टॉवरचा करार संपत आलाय, तो वाढवायचा की नाही यावर दीड तास भांडण. निम्मे लोक रेडिएशनवर बोलले, निम्मे म्हणाले भाड्यातून लिफ्टचा खर्च निघतो. मी मध्येच जनरेटरचा विषय काढला. सेक्रेटरी काका म्हणाले, "अरे, तो चालतो तरी कधी? वर्षातून दोन दिवस!"

काकांचं अगदी बरोबर आहे. माझा मुद्दा तोच आहे. मग तो हवाय कशाला?

मुंबईत वीज जाते किती? मोठं असं आठवतं ते 12 ऑक्टोबर 2020. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद, लोकल जागच्या जागी उभ्या. मी नुकताच नोकरीला लागलेलो, घरून काम, कॉल चालू. खाली जनरेटर धडधडायला लागला आणि तळमजल्यावरच्या आजींनी भराभर खिडक्या लावून घेतल्या. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पण आजींना त्याचं काही नाही. त्यांना धूर स्वयंपाकघरात येतो याचं आहे.

आता हिशोब करू (इंजिनियर आहे, सवय जात नाही). टॉवरला साधारण 2 किलोवॅट लागतात असं धरा. चार तास वीज गेली तर 8 युनिट. म्हणजे दोन-तीन इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या. एका कपाटात मावेल एवढं सामान. त्याऐवजी आपण टाकी, पाईप, धूर आणि आवाज सांभाळत बसलोय.

"मग गच्चीवर सोलर लावा की," असं एक जण म्हणालेच. नाही हो, इथे नाही जमणार. दिवसाला 48 युनिट हवेत, 1 किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं, म्हणजे 12 किलोवॅट आणि हजार-बाराशे चौरस फूट मोकळी जागा. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत, टॉवर आहे, उरलेल्या जागेत मे महिन्यात पापड असतात. आणि मग चार महिने पाऊस! अंधेरी, घाटकोपर, बोरिवलीच्या गच्च्या काही वेगळ्या नाहीत. उपनगरात बॅटरी बसवायची आणि हरित वीज विकत घ्यायची, हेच खरं. ती सोय आहे. राज्याच्या वीज नियामक आयोगाने 2021 मध्ये हरित विजेचा दर ठरवून दिला, तेव्हा युनिटमागे 66 पैसे जास्त. केंद्राच्या 2022 च्या नियमांनी थेट हरित वीज घेण्याची मर्यादा 1 मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आणली, आणि 2023 मध्ये एकाच विभागातली छोटी कनेक्शन्स एकत्र करून 100 भरायलाही परवानगी मिळाली. एकट्या टॉवरला हे कधीच जमलं नसतं. पण विसेक टॉवरची मोट बांधायची म्हटली तर अंधेरीत किती लांब जावं लागेल?

सोलर खरं हवं ते गावाकडे. माझा मामा दापोलीजवळ राहतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, झाडं आणि खांब आडवे झाले, वीज गेली ती कितीतरी दिवस. मामाचा फोन लागेना. आई दिवसातून वीस वेळा नंबर फिरवत होती. नंतर मामा म्हणाला, टॉवर उभा होता रे, रस्ता बंद म्हणून डिझेल पोचलं नाही. वादळात पॅनेलही उडालं असतं, हे मान्य. पण उडालं नसतं, तर दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर त्याला टँकरची वाट बघावी लागली नसती.

हे काही मला पहिल्यांदा सुचलेलं नाही. ग्रीनपीसने 2011 मध्ये याच विषयावर एअरटेलच्या मागे मोहीम लावली होती. जानेवारी 2012 मध्ये दूरसंचार विभागाने सांगितलं की 2015 पर्यंत गावातले 50 टक्के आणि शहरातले 20 टक्के टॉवर ग्रिड आणि अक्षय ऊर्जेच्या जोडीवर आणा, 2020 पर्यंत 75 आणि 33 टक्के. 2020 कधीच उलटलं. आमच्या कंपाउंडमधला डबा जागेवर आहे.

डिझेल स्वस्त आहे म्हणावं तर तेही नाही. सबसिडी 2014 मध्येच गेली. लिटर नव्वदीच्या घरात, त्यातून फार तर तीन युनिट वीज. म्हणजे तीस रुपये युनिट, वर डिझेलचोरी वेगळी. मग घोडं पेंड खातं कुठे? मला वाटतं, करारात. बहुतेक टॉवर एका कंपनीचे असतात, वापरणाऱ्या कंपन्या दुसऱ्या. इंडस टॉवर्ससारख्या कंपनीच्या तिमाही निकालात बघा, ऊर्जेची वसुली वेगळ्या ओळीत दिसते. वीज-डिझेलचा खर्च मोबाईल कंपनीकडून परत मिळणार असेल, तर बॅटरीत आपला पैसा कोण घालेल? ऑफिस पेट्रोलचं बिल देत असताना गाडीचा एसी कोण बंद करतं?

म्हणून माझं म्हणणं मोबाईल कंपन्यांना आहे. सिग्नल तुमचा, ग्राहक तुमचा, बिल भरणारेही तुम्हीच. खर्च जसा येईल तसा भरायचं बंद करा आणि टॉवरमागे ठरलेली रक्कम द्या. वाचेल ते टॉवरवाल्याचं. मग बघा बॅटऱ्या कशा पटापट येतात. आणि सुरुवात उपनगरांतून करा, कारण इथे जनरेटर काढला तर फोन बंद पडण्याची भीती सगळ्यात कमी. इथून वाचलेला पैसा मामाच्या टॉवरवर पॅनेल लावायला वापरा.

असो. एजीएममध्ये शेवटी माझी एक ओळ ठरावात घेतली: करार वाढवायचा असेल तर जनरेटरच्या जागी बॅटरी. बाजूने अकरा, विरोधात नऊ. आजींनी दोन्ही हात वर केले होते, एकच मोजला. पुढच्या शनिवारी कंपनीचा माणूस येणार आहे, आणि काकांनी मला हिशोबाचा कागद घेऊन बसायला सांगितलंय.