प्लेट कुणी बनवली, तेवढं छापा

प्रति,
दुचाकी कंपन्यांच्या सुट्या भागांचे विभागप्रमुख,
तसेच केंद्र सरकारचा ग्राहक व्यवहार विभाग



मी रत्नागिरीत पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो. सकाळी मिरकरवाडा, दुपारी मारुती मंदिरची दुकानं, आठवड्यातून दोनदा भाट्याचा पूल ओलांडून पावसपर्यंत. गाडी शंभर सीसीची, अकरा वर्षांची. पिग्मीवाल्याची गाडी चालते कमी आणि थांबते जास्त. दर दुकानापुढे क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. त्यात आमचं गाव सपाट नाही. बंदरावरून वर यायला चढ, हातखंब्याला हायवेवर जावं तर रुंदीकरणामुळे वर्षानुवर्षं डायव्हर्जन हाच रस्ता, तिथे हाफ क्लचवर रांगायचं. मे महिन्यात मागे आंब्याच्या दोन पेट्या. इथे क्लच प्लेट चपलेसारखी झिजते, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. चप्पल घेताना निदान हातात घेऊन वाकवून बघता येते, एवढंच.

गेल्या जूनमध्ये आरे-वारेच्या चढावर गाडीने हात टेकले. रेस दिली की इंजिन ओरडायचं, गाडी जागची हलेना. मागे बसलेली बायको उतरली, चालू लागली आणि माझ्या आधी वर पोचली. प्लेटा सात महिन्यांपूर्वीच बदललेल्या, त्याही 'कंपनीच्याच' म्हणून घेतलेल्या. दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकानदारही माझ्यासारखाच फसलेला असू शकतो, आणि या पत्राचा विषय नेमका तोच आहे.

गॅरेजच्या मेस्त्रींनी गाडी खोलली तेव्हा मी शेजारी बसून होतो. ऑइल काढलं, किक आणि फूटरेस्ट सोडवले. कव्हरचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याचा बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवला. मग स्प्रिंगा, मग एकेक प्लेट वर्तमानपत्रावर. अस्तर काळं पडून काचेसारखं गुळगुळीत झालेलं, एका प्लेटीचे दोन तुकडे सुटलेले, मधल्या स्टील प्लेटांवर निळी झाक. ऑइललाही जळकट वास. त्यांनी व्हर्नियर लावला, आकडा बघितला आणि काही न बोलता मला दाखवला. नवी प्लेट तीन मिलिमीटरच्या आसपास असते. त्यातला अर्धा मिलिमीटरही न जाता खेळ संपतो, आणि चढावर आपण उतरून ढकलतो.

त्या दिवशी काउंटरवर माझ्यापुढे तीन खोकी आली. पहिलं वाहन कंपनीचं, हॉलोग्रामसकट. दुसरं बाजारातल्या एका नावाजलेल्या ब्रँडचं, जवळपास निम्म्या किमतीचं. तिसरं हुबेहूब पहिल्यासारखंच, फक्त दुकानदाराने ते किंचित लाजत पुढे सरकवलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं होतं, तिथे उत्तर मिळालं की अख्खी असेंब्ली बदलावी लागेल. मेस्त्रींच्या मते हब आणि हाउसिंग ठणठणीत होतं, प्लेटा आणि स्प्रिंगा बदलल्या की काम भागणार होतं.

आता साहेब, एक साधी गोष्ट. तुमच्यापैकी बहुतेक जण क्लच स्वतः बनवत नाहीत. वाळूजची एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज गाड्यांच्या कंपन्यांना क्लच पुरवते आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकते. जपानमधल्या हमामात्सूच्या एफसीसीचं नाव तर क्लचसाठीच ओळखलं जातं. म्हणजे 'ओरिजनल' हा शब्द प्लेट कुणी बनवली ते सांगत नाही, खोकं कुणी छापलं ते सांगतो. पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यातली प्लेट आणि तुमच्या खोक्यातली प्लेट एकाच साच्यातली, एकाच अस्तराची आहे का? असेल तर मी दुप्पट पैसे कशाचे मोजतो? नसेल तर फरक कुठे आहे: अस्तराच्या मसाल्यात, जाडीत की स्प्रिंगच्या ताकदीत? हे दोन-तीन शब्द खोक्यावर मावतात.

गंमत बघा. ज्या ऑइलमध्ये ही प्लेट आयुष्यभर बुडून राहते, त्याच्या डब्यावर जॅसो एमए किंवा एमए2 असं छापलेलं असतं. म्हणजे हे ऑइल ओल्या क्लचला चालतं, प्लेट घसरणार नाही. कारचं ऑइल स्वस्त मिळालं म्हणून गाडीत ओतलं की क्लच का सुटतो, ते त्या दोन अक्षरांमुळे आमच्या मेस्त्रींना दहा वेळा समजावून सांगता येतं. डोक्यावरच्या हेल्मेटलाही 1 जून 2021 पासून आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. क्लचबद्दल सगळ्यात कमी सांगणारी वस्तू कुठली, तर क्लचचं खोकं. त्यावर किंमत, महिना, पत्ता आणि चकचकीत गाडीचं चित्र.

हॉलोग्राम तपासा, कोड स्कॅन करा, असं तुम्ही सांगता. जो खोकं छापतो तो हॉलोग्रामही छापतो. ट्रेड मार्क्स कायद्यात नकली मालाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण तक्रार करायला आधी नकली ओळखता यायला हवं. मला ते सात महिन्यांनी, चढावर कळलं.

ग्राहक व्यवहार विभागाला वेगळं सांगायला हवं. 24 डिसेंबर 2022 ला तुम्ही दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलंत, त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं आणि शेती अवजारांबरोबर वाहनंही घेतलीत. त्याआधी 25 ऑगस्ट 2014 ला स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना 2,544 कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळू देत नाहीत, हा ठपका. दंडाचं पुढे अपिलात व्हायचं ते होत राहिलं, पण तत्त्व तर मान्य झालं ना? मग ते चार चाकांवर का थांबावं? रत्नागिरीत भाजी, मासे, औषधं, पोस्ट आणि पिग्मी सगळं दोन चाकांवर फिरतं.

माझं मागणं फार नाही. खोक्यावर प्लेट बनवणाऱ्याचं नाव असू दे. नव्या प्लेटीची जाडी आणि बदलायची मर्यादा मिलिमीटरमध्ये छापा, मराठीत छापलीत तर मेस्त्रींची पोरंही वाचतील. प्लेटा सुट्या विका, असेंब्ली गळ्यात मारू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा 28 टक्के जीएसटी 18 वर आला, तेव्हा जुन्या किमतीच्या खोक्यांचं काय केलंत तेही एकदा सांगा.

सगळे 'लोकल' वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या गाडीला अखेर दुसरं खोकं लागलं, निम्म्या किमतीचं. मेस्त्रींनी प्लेटा आधी ऑइलमध्ये भिजवून ठेवल्या, तोवर आम्ही चहा घेतला. बसवल्यावर केबलचा प्ले जुळवला आणि खोक्याच्या झाकणावर पेनाने तारीख आणि किलोमीटर लिहून ते फळीवर ठेवलं. त्या फळीवर अशी तीसेक खोकी आहेत, प्रत्येकावर गाडीचा नंबर आणि आकडे. कुठली प्लेट किती चालली हे मेस्त्री त्यातून सांगतात. तुमच्यापैकी कुणी आलंच, तर ती फळी दाखवायला ते तयार आहेत. रविवारी गॅरेज बंद असतं.

आपला,
एक पिग्मी एजंट, रत्नागिरी