साक्ष, दाखला आणि गोष्ट

मराठी चर्चमध्ये एक ठरलेला कार्यक्रम असतो. त्याला ‘साक्ष देणं’ म्हणतात. कुणीतरी उठतं, माईक हातात घेतं आणि सांगू लागतं: आधी मी असा होतो, दारू होती, कर्ज होतं, आजार होता. मग मला कुणीतरी प्रार्थनेला नेलं. आता दारू सुटली, कर्ज फिटलं, रिपोर्ट नॉर्मल आले. हॉलमधून ‘आमेन’ येतं आणि माईक पुढच्याच्या हातात जातो.

हाच कार्यक्रम आता मोबाइलमध्ये आला आहे. थंबनेलवर रडका चेहरा, मोठा लाल बाण, खाली ‘डॉक्टरांनी हात टेकले आणि मग…’ बोलणारा माणूस आपल्या महाडचा किंवा माणगावचा असला तरी त्याची मराठी हिंदीतून आलेली असते आणि हिंदी आणखी कुठूनतरी. ‘प्रभूने माझ्या जीवनात मोठे काम केले’ हे वाक्य शंभर व्हिडिओंत शंभर माणसं एकाच सुरात म्हणतात. नावं बदला, आजार बदला, बाकी सगळं तेच.

माझं म्हणणं असं, की या साच्याने मराठी ख्रिस्ती माणसाच्या गोष्टीचा गळा धरला आहे. हे काम बाहेरच्या कुणी केलेलं नाही. ते आपल्याच स्टेजवर, आपल्याच टाळ्यांत झालेलं आहे.

ज्यांचं घर वाहून गेलं त्यांनी काय सांगायचं?

साच्याची पहिली अडचण अशी, की त्यात फक्त वाचलेल्यांना जागा आहे.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट पुरात गेल्या. २२ जुलै २०२१ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं. त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला आणि ८०हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी कोसळल्या. आमच्या भागात असं एकही घर नसेल ज्याला या दोन तारखांतली एक तरी पाठ नाही.

पुरानंतरच्या महिन्यांत साक्षींचाही पूर आला. ‘पाणी आमच्या पायरीशी येऊन थांबलं, कारण आम्ही गुडघ्यावर होतो.’ हे म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला कृतज्ञ व्हायचं असतं. पण या वाक्याची दुसरी बाजू कुणी उच्चारत नाही: मग ज्यांच्या घरात पाणी माळ्यापर्यंत गेलं त्यांचे गुडघे कमी पडले का?

माझी आजी पोलादपूरकडची. तिलाही कुणीतरी माईक दिला होता. ती म्हणाली, “वाचले ते खरं आहे बाबा. पण तळियेच्या बायापण देवाचं नाव घेऊनच झोपल्या असतील ना?” आणि खाली बसली. कुणी आमेन म्हटलं नाही. त्या दिवशी त्या हॉलमध्ये बायबलच्या सगळ्यात जवळचं बोलली ती आजी, असं मी आजही म्हणेन.

कारण हा प्रश्न येशूनेच उपस्थित केलेला आहे. लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, शिलोहचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख येतो. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते, असं तुम्हाला वाटतं का, असं येशू विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. मग तो मेलेल्यांचा हिशेब बाजूला ठेवतो आणि ऐकणाऱ्यांना स्वतःकडे बघायला सांगतो. पडलेला बुरूज, पडलेला पूल, सरकलेला डोंगर यांवरून माणसांची श्रद्धा मोजायची नाही, हे इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना आपण दर रविवारी ती मोजतो.

येशूने दाखले दिले

आता शब्दांकडे पाहू. ‘साक्ष’ हा कोर्टातला शब्द आहे. साक्षीदाराने प्रश्नाला उत्तर द्यायचं, पलीकडे जायचं नाही, उलटतपासणीत टिकायचं. येशू लोकांशी बोलताना जे करायचा त्याला मराठी बायबलमध्ये वेगळा शब्द आहे: दाखला. दाखला म्हणजे गोष्ट.

त्या गोष्टी कशाच्या आहेत? पेरणीच्या, पिठाच्या, हरवलेल्या नाण्याच्या, रोजंदारीच्या. पेरणाऱ्याचं काही बी खडकाळ जमिनीवर पडलं, उगवलं आणि उन्हाने करपलं, हे पोलादपूरच्या वरकस जमिनीवर नाचणी घेणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. संध्याकाळी पाचला कामावर घेतलेल्या मजुरालाही दिवसभराची मजुरी देणारा मळेवाला आणि त्यावर कुरकुरणारे सकाळचे मजूर, हे महाडच्या एमआयडीसीच्या गेटवर कंत्राटदाराची वाट पाहणाऱ्या कुणालाही लगेच कळतं. माझ्या आजीच्या तोंडी हरवलेल्या नाण्याची गोष्ट यायची तेव्हा ती बाई कणगीच्या मागे, जात्याच्या खाली, चुलीच्या राखेत शोधायची. पुस्तकात फक्त दिवा आणि केरसुणी आहे. कणगी आजीची.

आणि उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो. थोरला शेतात राबतो. धाकटा दूर जाऊन पैसा उडवतो, उपाशी परत येतो आणि बाप त्याच्यासाठी जेवण घालतो. एक भाऊ मुंबईला, एक गावात, मधे सातबारा! कोकणातल्या कुठल्या घरात ही गोष्ट घडलेली नाही?

चर्चमध्ये ही गोष्ट धाकट्याची साक्ष म्हणून सांगतात: आधी बिघडलेला, मग सुधारलेला. पण येशू तिथे थांबत नाही. थोरला भाऊ रागावून दाराबाहेर उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. आणि गोष्ट संपते. थोरला आत गेला की नाही, सांगितलेलंच नाही. दोन हजार वर्षं तो अंगणात उभा आहे आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठरवायचं आहे की आपण आत जातो का. साक्षीचा शेवट ठरलेला असतो, म्हणून टाळ्या पडल्या की ती संपते. दाखल्याचा शेवट ऐकणारा घरी घेऊन जातो.

दुसरा साचा

ही टीका वाचून काही जण खूश होतील. त्यांनी जरा थांबावं. दुसरा साचा त्यांचा आहे.

ख्रिस्ती म्हटलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: “तुम्ही मूळचे कोण? कधी बाटलात? काय मिळालं?” समाजमाध्यमांवर त्याची शिवीही तयार आहे, ‘राइस बॅग’. म्हणजे चर्चमधल्या सूत्रसंचालकाला माझ्या आयुष्यातला एकच दिवस हवा असतो, धर्मांतराचा. संशय घेणाऱ्यालाही तोच दिवस हवा असतो. एकाला त्यात चमत्कार दिसतो, दुसऱ्याला सौदा. त्या दिवसानंतरची दोन-तीन पिढ्यांची भाकरी, आजारपणं, लग्नं, दहावीचे निकाल, गणपतीत शेजारून आलेले मोदक आणि नाताळात आमच्याकडून गेलेल्या करंज्या कुणालाच नको आहेत.

गोष्ट खोटी असली की काय होतं, हे महाडला वेगळं शिकवायला नको. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. सत्याग्रही मंडपाकडे परतले आणि गावात अफवा पसरली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. असं काही ठरलेलं नव्हतं. पण अफवेवर लाठ्या निघाल्या आणि परिषदेला आलेल्या माणसांची डोकी फुटली. तळ्यावरचा हक्क मुंबई हायकोर्टात कायम व्हायला १९३७ उजाडलं. अफवेला काही तासच लागले होते. आज कुणाच्या घरी चार माणसं प्रार्थनेला जमली की ‘इथे धर्मांतर चालू आहे’ असा मेसेज फिरतो, तेव्हा त्याची जातकुळी तीच असते.

याच महाडमध्ये २५ डिसेंबर १९२७ला मनुस्मृतीचं दहन झालं. त्यामुळे महाडच्या ख्रिस्ती घरातला नाताळ वसईच्या किंवा वांद्र्याच्या नाताळासारखा नसतो. एकाच तारखेला गव्हाणीतलं बाळ आणि माणसाला पाण्याचा हक्क नाकारणाऱ्या ग्रंथाची होळी, दोन्ही आठवणी जाग्या होतात. मला त्यात विसंगती दिसत नाही. गोठ्यात जन्मलेल्या देवाची गोष्ट ज्यांना पाणवठ्यावरून हाकललं त्यांना जवळची वाटली, तर त्यात नवल काय? पण ही गोष्ट एकही साक्ष सांगत नाही, कारण ती सांगायची तर जात उच्चारावी लागते.

आणि जात उच्चारायला भीती वाटते, कारण ‘दाखला’ या शब्दाचा दुसरा अर्थ तहसील कचेरीत राहतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. १९५६मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला, १९९०मध्ये बौद्धांचा. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेर आहे. गावाने त्याची जात विसरलेली नसते, कागदाने मात्र पुसलेली असते. म्हणून कितीतरी घरांत कागदावर एक आणि उशाशी दुसरं असं जगावं लागतं. मग पोरांना आजोबांची गोष्ट सांगितली जात नाही, कारण पोरं बाहेर बोलतील. शुभवर्तमानातला दाखला मोकळेपणाने सांगता येऊ नये म्हणून कचेरीतला दाखला दारात उभा असतो. याला लबाडी म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की धर्म बदलल्यावर जातीचा जाच कुठल्या तारखेपासून थांबतो.

लक्ष्मीबाईंनी वाट दाखवून ठेवली आहे

दोन्ही साचे मोडणारं पुस्तक मराठीत नव्वद वर्षांपूर्वीच येऊन गेलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे पाच वर्षांनी, १९००मध्ये, लक्ष्मीबाईंनी घेतला. साच्यात बसवायचं तर हे दोन दिवस पुस्तकाचं शिखर व्हायला हवे होते. पण लक्ष्मीबाईंना वडिलांचं पराकोटीचं सोवळं, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, पैशांची ओढाताण, दुरावा, रुसवे आणि विनोद यांतच रस आहे. त्यांचं मन बदलतं ते स्टेजवर नाही, स्वयंपाकघरात. आणि बदलल्यावरही माणूस तोच राहतो, तितकाच मिश्किल. म्हणून ते पुस्तक ख्रिस्ती नसलेल्या लाखो मराठी माणसांनी आपलं मानलं. कुणाला त्याने बाटवलं नाही, कुणापुढे ते लाजलंही नाही.

ही परंपरा एकट्या लक्ष्मीबाईंची नाही. १६१६मध्ये फादर थॉमस स्टीफन्सने गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापलं ते ओवीत, कारण इथल्या माणसांना पुराण ऐकायची सवय होती. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. १८५७मध्ये बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं ते विधवांच्या हालांवर. त्याला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. पंडिता रमाबाईंनी सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षं घातली. तरीही २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची निवड झाली तेव्हा ‘पाद्र्याचा मराठीशी काय संबंध’ असं विचारणारे निघालेच. चारशे वर्षांचं उत्तर कपाटात असताना आपल्याला ते तोंडावर देता आलं नाही. आपल्या मुलांना ही नावं माहीत नाहीत, परदेशी पास्टरांची मात्र पाठ आहेत.

साक्षीच्या बाजूने

साक्षीच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे आणि तो टाळणं बरोबर नाही. जिला घरात कुणी कधी ‘तुझं काय म्हणणं’ असं विचारलं नाही, अशा बाईच्या हातात पहिल्यांदा माईक येतो तो साक्षीच्या वेळी. शेतमजूर, मोलकरीण, दारुड्याची बायको, ही सगळी तिथे उभी राहून बोलतात आणि शंभर माणसं ऐकतात. हे लहान काम नाही. साहित्याच्या कार्यक्रमांत त्यांना असा माईक कुणी देत नाही.

पण म्हणूनच माझी तक्रार आहे. तिला बोलायला उभं करायचं आणि आपली वाक्यं तिच्या तोंडी घालायची, हा माईक देऊन आवाज काढून घेण्याचा प्रकार आहे. नवऱ्याची दारू सुटली, इतकंच तिने सांगायचं. सुटण्याआधीच्या सोळा वर्षांत तिने घर कसं रेटलं, प्रार्थना करून करून देवावर कशी चिडली, सुटलेली दारू दोन वर्षांनी परत सुरू झाली तेव्हा चर्चमध्ये यायला तिला लाज का वाटली, हे कुठे सांगायचं? स्तोत्रसंहितेत देवाला ‘कुठे आहेस’ असं विचारणारी स्तोत्रं कितीतरी आहेत. आपल्या स्टेजवर त्यांना वेळ नाही.

तेव्हा मागणी एवढीच: साक्षीच्या वेळी शेवट मागू नका. ज्याचा रिपोर्ट नॉर्मल आला नाही त्यालाही माईक द्या. आणि आपण फोनवाल्यांनी रोज रात्री दुसऱ्याचा चमत्कार फॉरवर्ड करण्याआधी त्याच फोनचा रेकॉर्डर सुरू करून घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर ठेवावा. विचारावं, पहिला नाताळ कसा केला, शेजारी काय म्हणाले, पुरात काय गेलं, देवावर कधी चिडलात. ती तिच्या बोलीत सांगेल तसंच राहू द्यावं, ‘प्रभूने मोठे काम केले’ असं शुद्ध करू नये. कागदाची भीती असलेल्या घरांनी ते घरापुरतं ठेवावं, पण ठेवावं. आपण आपली गोष्ट सांगितली नाही तर ती सांगायला अफवा बसलेलीच आहे. महाडमध्ये तिला काही तासही पुरतात.