मशीन म्हणते तोच का?



मागच्या बैठकीत सडक अर्जुनीकडच्या एका मावशींनी विचारले, "ताई, मशीन सांगते म्हणजे तोच असन ना?" मी हो म्हणणारच होते. कॅमेरे लावा, ही मागणी आपलीच. २०१३ च्या निर्भया निधीतून रेल्वे स्थानकांवरच्या कॅमेऱ्यांनाही पैसे मिळाले.

पण मशीन 'तोच' असे म्हणतच नाही. चित्रणातला चेहरा साठवलेल्या फोटोंशी ताडून ते सारखेपणाचा आकडा देते. कितीला जुळले म्हणायचे, हे माणसे ठरवतात. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात ८० टक्के सांगितले. अमेरिकेत डेट्रॉइटला २०२३ मध्ये अशाच जुळणीवरून पोर्शा वुड्रफ या आठ महिन्यांच्या गरोदर बाईला लूटमारीच्या आरोपाखाली अटक झाली. लुटल्या गेलेल्या माणसाला तिचा जुना फोटो दाखवला, तर त्यानेही तिलाच ओळखले! खटला पुढे मागे घ्यावा लागला.

आणि साठवलेले फोटो कोणाचे? आपल्या राज्याच्या 'अँबिस' यंत्रणेत बोटांचे ठसे, बुबुळे, चेहरे आहेत ते मुख्यतः पूर्वी अटक झालेल्यांचे. चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो. आता मशीनही तिथेच शोधणार. बलात्काराच्या गुन्ह्यांत मात्र आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा असतो. ज्या काकाला, मालकाला कधी कोणी पकडलेच नाही, त्याचा फोटो तिथे असेल कसा? चुकीचा माणूस आत गेला, तर आपल्या बाईची केस कोर्टात पडते आणि खरा गावात मोकळा फिरतो.

म्हणून ठाण्यात कोणी मोबाईलवर फोटो दाखवून "हाच ना?" विचारले, तर आधी रीतसर ओळख परेड घ्या म्हणावे. फोटो आधी पाहिला की परेडची किंमत जाते, आणि आपल्या आठवणीवरही तो चेहरा बसतो. चित्रण जप्त करा, असा अर्ज मात्र त्याच दिवशी द्यावा व पोच घ्यावी, कारण जुन्यावर नवे चढत जाते. नकलेसोबत प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पक्के केले, आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

मावशींना मी इतकेच म्हटले, "तोच असेल, नसेलही. तुम्ही काय पाहिलं ते आधी सांगा."