विश्लेषण : आफ्रिकन पेंग्विनवर उपासमारीची वेळ का आली?

पेंग्विन म्हटले की बर्फ आठवतो. मात्र दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या उन्हाळी किनाऱ्यांवरही पेंग्विन राहतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) २०२४ मध्ये या आफ्रिकन पेंग्विनला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. त्यापुढचा टप्पा म्हणजे निसर्गातून नामशेष होणे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाखोंनी असलेल्या या पक्ष्याच्या आता विणीच्या १० हजारांहूनही कमी जोड्या उरल्या आहेत.

उष्ण प्रदेशात पेंग्विन कसे?

या किनाऱ्यालगत बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह वाहतो. खोल समुद्रातील पोषक द्रव्ये वर येतात, त्यावर प्लवक आणि प्लवकांवर मासे वाढतात. तारलीसारखे सार्डिन आणि मांदेलीसारखे अँकोव्ही हे या पेंग्विनचे मुख्य अन्न.

मग मासे कुठे गेले?

समुद्रातील बदल आणि मासेमारी यांमुळे पश्चिम किनाऱ्यावरील माशांचे थवे घटले; बरेचसे दक्षिण आणि पूर्वेकडे सरकले. पेंग्विनला मात्र त्यांच्या मागे जाता येत नाही. पिल्ले घरट्यात असताना त्याला जवळच्याच पाण्यात शिकार करावी लागते. शिवाय वर्षातून एकदा पिसे झडतात तेव्हा सुमारे तीन आठवडे तो पाण्यात उतरू शकत नाही. आधी पुरेशी चरबी साठली नसेल, तर हा उपास जिवावर बेततो.

उन्हाचा फटका किती?

पूर्वी हे पेंग्विन ग्वानोच्या, म्हणजे साचलेल्या विष्ठेच्या जाड थरात बिळे करत. एकोणिसाव्या शतकात खतासाठी हे थर खरवडून नेले गेले. घरटी उघड्यावर आली. कडक उन्हात पालक घरटे सोडून पाण्याकडे जातात आणि अंडी-पिल्ले समुद्रपक्ष्यांच्या तावडीत सापडतात. त्यामुळे आता कृत्रिम घरटी बसवली जात आहेत.

न्यायालयाने काय केले?

पक्षी संवर्धन संस्थांनी सरकारविरोधात दाद मागितली. मार्च २०२५ मध्ये प्रिटोरियातील उच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंच्या तडजोडीवर शिक्कामोर्तब केले. रॉबेन बेटासह सहा प्रमुख वसाहतींभोवती सार्डिन आणि अँकोव्हीसाठीच्या पर्ससीन मासेमारीवर २०३३ पर्यंत निर्बंध आहेत. याने समुद्राचे तापमान बदलणार नाही. घरट्याजवळच्या माशांसाठी असलेली स्पर्धा तेवढी कमी होईल.

मुंबईशी संबंध काय?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये आणलेले हम्बोल्ट पेंग्विन हे याच कुळातले. पेरू आणि चिलीचा किनारा हे त्यांचे मूळ घर. तिथेही थंड प्रवाहच त्यांना जगवतो आणि एल निनोच्या काळात पाणी तापले, मासे दुरावले, की त्यांचीही उपासमार होते. राणीच्या बागेत गारवा यंत्राने आणि मासे माणसांच्या हातून मिळतात. खुल्या समुद्रात तशी सोय नाही. तिथे माणसाच्या हाती लगेच येणारा उपाय म्हणजे जाळी थोडी दूर ठेवणे.